बाणेरचं कोवर्किंग ८ महिने वापरून: खुर्ची चांगली, ॲप हुशार, पण दार कधीकधी रुसतं

रिव्ह्यू लिहायला तसा उशीरच झालाय, पण परवा परत दोघींनी व्हॉट्सॲपवर विचारलं की तू पुण्यात त्या बाणेरच्या कोवर्किंगला (म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचं, भाड्याच्या टेबल-खुर्चीचं ऑफिस) जातेस ना, कसंय, घ्यावं का, तर म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. नाव टाकत नाहीये, कारण भांडण मिटलंय आमचं, आणि तसंही बाणेर-बालेवाडीत अजून तीन-चार ठिकाणी मी डे पासवर बसून आलेय, रंग आणि कॉफी मशीन सोडलं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे.

मी जीएसटी आणि अकाउंट्सची कामं करते. मी आणि एक असिस्टंट, ती बहुतेक घरूनच काम करते. आधी शनिवार पेठेत १८० स्क्वेअर फुटांचं ऑफिस होतं. ज्यांनी पेठेत ऑफिस घेतलंय त्यांना माहितीये, ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट, एजंटला एक भाडं, रजिस्ट्रेशनला थम्ब द्यायला मालक काका येणार तर त्यांना दुपारी झोपायचं असतं, मग गुरुवारी लाइट नाही म्हणून इन्व्हर्टर, इंटरनेटवाला वेगळा, झाडायला बाई वेगळी. आणि मे महिन्यात १५ दिवस गावाला गेलं तरी भाडं पूर्ण. जागा स्क्वेअर फुटात आणि वर्षात मिळायची, तुम्ही ती वापरा नाहीतर कुलूप लावा.

इथे पहिल्या दिवशी काय झालं, तर ॲप डाउनलोड केलं, पॅन-आधारचं केवायसी, यूपीआयने पैसे, आणि वीस मिनिटांत माझ्या फोनवर दार उघडायचा क्यूआर आला. एजंट नाही, थम्ब नाही, मालक काका नाहीत. डेडिकेटेड डेस्क, म्हणजे कायम आपलंच राहणारं टेबल, महिना ८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,०३०. त्यात मीटिंग रूमचे महिना ४ तास फुकट, प्रिंटची १०० पानं, कॉफी हवी तेवढी. खुर्ची खरंच चांगली आहे, माझी पाठदुखी कमी झाली हे मी शपथेवर सांगेन. एसी मात्र अंगावर येतो, शाल ठेवलीये ड्रॉवरमध्ये.

आता ॲपबद्दल, कारण इथे मॅनेजर वगैरे नावाला आहेत, जागा खरी चालवतं ते सॉफ्टवेअरच. मीटिंग रूमच्या दाराबाहेर छोटा टॅब आहे, हिरवा म्हणजे मोकळी, लाल म्हणजे बुक. बुक करून दहा मिनिटांत चेक इन केलं नाही तर रूम आपोआप सुटते. सुरुवातीला राग आला मला याचा, मग लक्षात आलं की पूर्वी जिथे जिथे शेअर्ड ऑफिस पाहिलं तिथे सगळ्यात मोठी भांडणं याच्यावरूनच व्हायची, कुणीतरी रजिस्टरमध्ये दिवसभर नाव लिहून ठेवायचं आणि यायचंच नाही. इथे वाद घालायला माणूसच नाही, टॅबशी काय भांडणार. प्रिंटरचंही तसंच, पिन टाकल्याशिवाय पान बाहेर येत नाही, त्यामुळे क्लायंटची बॅलन्स शीट ट्रेमध्ये उघडी पडून राहत नाही. आमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे बरं का.

हे सगळं का, तर जरा हिशोबाच्या नजरेने बघा. कोवर्किंगवाला बिल्डरकडून मजला घेतो वर्षानुवर्षांच्या कराराने आणि आपल्याला विकतो महिन्याने, दिवसाने, तासाने. आज दुपारी दोन ते तीन एखादी खुर्ची रिकामी राहिली तर तो तास गेला, स्टँडवरून सुटलेल्या एसटीतल्या रिकाम्या सीटसारखा, उद्या तो विकता येत नाही. एवढे बारीक तुकडे वहीत लिहून विकणं शक्यच नाही. मार्क डिक्सनने १९८९ मध्ये ब्रसेल्सला रेगस सुरू केलं, म्हणजे तयार ऑफिस भाड्याने देणं हा धंदा जुना आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गने २००५ मध्ये कोवर्किंग म्हणून जे चालू केलं ती तर आठवड्यातले थोडे दिवस मांडलेली टेबलं होती. पण तासाचं माप सर्रास झालं ते सॉफ्टवेअरमुळे. बर्लिनचं कोबॉट, लंडनचं नेक्सूडस, बल्गेरियातून आलेलं ऑफिसआरएनडी अशी खास याच कामाची सॉफ्टवेअर्स आली, मेंबर, बुकिंग, बिल आणि दार सगळं एका ठिकाणी, मग छोट्या गावात वीस खुर्च्या टाकणारासुद्धा तासाने विकू शकला.

आणि याच्या उलटं बघायचं असेल तर वीवर्क बघा. २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू, २०१९ च्या जानेवारीत किंमत लावली ४,७०० कोटी डॉलर, सगळे म्हणाले टेक कंपनी आहे, त्याच वर्षी आयपीओ, म्हणजे शेअर बाजारात यायचा बेत, मागे घेतला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. (भारतातलं वीवर्क वेगळ्या कंपनीचं, एम्बसी ग्रुपकडचं, ते चालूच राहिलं.) मी काही मोठी ॲनालिस्ट नाही पण अकाउंटवाल्या बाईला एवढं कळतं की ॲप कितीही गुळगुळीत असलं तरी खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठा आकडा भाड्याचाच असतो, आणि ते भाडं तासाने नाही, वर्षांच्या कराराने द्यायचं असतं. आपल्याकडे 'ऑफिस' (Awfis) नावाची कोवर्किंग कंपनी २०१५ ला सुरू झाली, ती मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली, मग २०२५ मध्ये याच धंद्यातल्या स्मार्टवर्क्स, इंडीक्यूब. यांचा कल मोठ्या कंपन्यांना एकदम शंभर-दोनशे सीट देण्याकडे जास्त, ते समजण्यासारखं आहे, मोठं गिऱ्हाईक दोन-तीन वर्षं बांधलेलं असतं. आपण एका डेस्कवाले म्हणजे त्यांना वरची चिल्लर.

बरं, आता तक्रारी.

पहिली, २० तारीख. ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, आमच्यासाठी तो दिवस म्हणजे घरात लग्न असल्यासारखा. साडेनऊला पोचले तर दारापाशी आठ-दहा जण उभे. फायबर तुटली होती. आत मेंबर्सच्या वायफायला दुसरी लाइन होती, ती मस्त चालू, पण दाराचा रीडर पहिल्या लाइनवर, आणि तो क्यूआर वाचून प्रत्येक वेळी क्लाउडला विचारतो की या बाईला आत घेऊ का. क्लाउड गप्प. दार काचेचं, आत माझा डेस्क दिसतोय, शालसुद्धा दिसतेय. शेवटी हाउसकीपिंगच्या मावशी आतून आल्या, आतल्या बाजूला बाहेर पडायचं हिरवं बटण असतं ते दाबलं, आणि मग अर्धा तास त्या तिथेच बटणापाशी उभ्या राहिल्या, एका हातात फडकं, दुसरा हात बटणावर, येईल त्याचा चेहरा बघून आत घेत होत्या. एका नवीन मुलाला त्यांनी विचारलं, "तू कुठं बसतो रे दादा?" त्याने सांगितलं, खिडकीपाशी, मग दाबलं.

पण गंमत पुढे आहे. आम्ही बटणाने आत आलो म्हणजे सिस्टीमच्या हिशोबाने आलोच नाही. अकराची माझी मीटिंग रूम होती, क्लायंट समोर बसलेला, टॅबवर चेक इन करतेय तर म्हणतो मेंबर जागेवर नाही. दहा मिनिटं झाली, रूम सुटली, दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी लगेच बुक केली, आणि माझा फुकटचा एक तास नो-शो, म्हणजे बुक करून आलीच नाही, म्हणून कापला. मी आत बसलेली, हाडामांसाची. तिकीट टाकलं तर दोन दिवसांनी उत्तर आलं की आमच्या नोंदीनुसार त्या दिवशी आपली उपस्थिती नव्हती, आणि तिकीट आपोआप बंद. मग खाली जाऊन मॅनेजर मुलीशी बोलले, ती बिचारी म्हणाली मॅडम मला माहितीये तुम्ही होतात, मीच तुम्हाला कॉफी दिली, पण मला इथून तास परत टाकता येत नाही, वरून अप्रूव्हल लागतं. आला तास परत, नऊ दिवसांनी.

दुसरी, आणि ही खास व्यापाऱ्यांनी वाचा. पहिल्या महिन्याचं इन्व्हॉइस एक तारखेला आपोआप आलं, कौतुक वाटलं, पण त्यावर माझा जीएसटी नंबरच नाही. ॲपमध्ये नंबर टाकायची जागा प्रोफाइलच्या आत बिलिंगच्या आत तिसऱ्या पानावर, आणि ती कुणी सांगत नाही. नंबर नाही म्हणजे त्यांच्या रिटर्नमध्ये ते बी टू सी, म्हणजे साध्या गिऱ्हाइकाला विकल्यासारखं गेलं, म्हणजे माझ्या २बीमध्ये (मला कुठल्या बिलांवरचा जीएसटी वजा करता येईल त्याची पोर्टलवरची यादी) दिसलं नाही, म्हणजे १,५३० रुपयांचं क्रेडिट, माझ्या करातून वजा व्हायचे पैसे, लटकलं. दुसऱ्यांना शिकवणारी मी आणि माझंच क्रेडिट अडकलं, नवरा अजून हसतो. क्रेडिट नोट काढून नवीन इन्व्हॉइस द्यायला त्यांनी दीड महिना घेतला. तेव्हा पैसे भरायच्या आधी तो नंबर टाका, मग बाकीचं.

तिसरी तक्रार म्हणावी की नाही माहीत नाही. माझे एक क्लायंट आहेत, रविवार पेठेत हार्डवेअरचं दुकान, वय सत्तरच्या पुढे, बिलं कापडी पिशवीत घेऊन येतात. व्हिजिटर म्हणून त्यांचं नाव ॲपमध्ये टाकलं की त्यांना लिंक जाते, लिंकमध्ये क्यूआर. काकांकडे बटणांचा फोन. खाली सिक्युरिटीवाला म्हणतोय आजोबा लिंक ओपन करा, आणि काका मला फोन करून म्हणतात, "ताई, हे पासपोर्ट ऑफिस आहे का गं?" मग ओटीपीचा दुसरा मार्ग निघाला, त्यात टॅबवर फोटो काढतात. काकांनी टोपी नीट केली, चष्मा काढला, परत घातला. छापून आलेल्या स्टिकरवर नाव चुकीचं होतं, ते त्यांनी शर्टाला न लावता बिलांच्या पिशवीला लावलं आणि लिफ्टमध्ये शिरले. आता दर महिन्याच्या ५-६ तारखेला मीच त्यांच्या दुकानी जाते.

आता घ्यावं का. ॲपमध्ये तुमच्या येण्याजाण्याची नोंद दिसते, ती मी आठ महिन्यांची काढली, सरासरी महिन्याला ११ दिवस येते मी. १०,०३० भागिले ११ म्हणजे दिवसाला ९१२. डे पास ४५० अधिक जीएसटी, ५३१. एवढं गणित मला आठ महिने सुचलं नाही, कारण बिल आपोआप जायचं. आता डेस्क सोडून १० दिवसांचा पास घेतलाय, ४,७२० मध्ये. प्लॅन घ्यायला ॲपमध्ये दोन मिनिटं लागली होती, सोडायला मात्र ॲपमध्ये बटणच नाही, ईमेल करा, ३० दिवसांची नोटीस, डिपॉझिट २१ दिवसांनी आलं, पूर्ण आलं हे सांगायला हवं. ड्रॉवर गेला त्यामुळे शाल आता बॅगेत.

रोज येणार असाल, दोन-तीन जण असाल, तर डेस्क घ्याच, पेठेतल्या गाळ्याच्या कटकटीपेक्षा शंभरपट बरं. आठवड्यात दोन दिवस येणार असाल तर पास. आणि टू-व्हीलर पार्किंग दुसऱ्या बेसमेंटला आहे, ते ॲपमध्ये बुक होत नाही, पहिला येईल त्याचं, साडेनऊच्या आत पोचा.