युनिव्हर्सिटीच्या डायबेटिस स्टडीत व्हॉलंटियर म्हणून गेले होते, त्याचा अनुभव (पुणे) - ५ पैकी ४ स्टार

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता की एका युनिव्हर्सिटीच्या रिसर्चसाठी ३० ते ६० वयाचे, डायबेटिस नसलेले लोक हवेत, दोन वेळा यायचं, तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल. मी ४७ वर्षांची, आईला डायबेटिस होता, शेवटी शेवटी तिच्या पायाचं बोट काढावं लागलं, ते ड्रेसिंग मी रोज केलंय, त्यामुळे मेसेज वाचल्यावर मला राहवलंच नाही. नवरा म्हणाला अगं आपल्यावर प्रयोग करतात ते लोक, कशाला नसती भानगड. त्याची काळजी मला पटली म्हणून आधी फोन करून सगळं विचारून घेतलं आणि तेच इथे लिहितेय, कारण आपल्यात बरेच जण याच भीतीने जात नाहीत.

पहिलं म्हणजे हे विचारा की औषध किंवा लस देणार आहेत का नुसतं तपासणार आहेत. दोन्ही वेगळं आहे. औषधाची ट्रायल असेल तर सरकारच्या सीटीआरआय साइटवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे ट्रायल्सची नोंदवही) तिची नोंद असलीच पाहिजे, २००९ पासून ते सक्तीचं आहे, नंबर मागा आणि घरी बसून बघा. आणि ट्रायलमुळेच काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, तसा नियम आहे. आमच्या स्टडीत औषध काहीच नव्हतं, रक्त घ्यायचं, मोजमापं घ्यायची, खाण्यापिण्याचं विचारायचं, एवढंच. तरी त्यांच्याकडे नोंदणी नंबर होता आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीच्या माणसाचा फोन नंबर फॉर्मवर छापलेला होता, ते बघून मला धीर आला.

आता फॉर्मबद्दल. नऊ पानी मराठी फॉर्म होता आणि ते मराठी वाचून मला घाम फुटला. "सदर संशोधनातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक स्वरूपाचा असून" असं सगळं. मी बँकेत आहे, कागद वाचायची सवय आहे, तरी दुसऱ्या पानावर अडले, मग माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी काय करायचं? पण तिथे जी मुलगी होती ना, पंचवीस-सव्वीसची असेल, तिने फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाली काकू मी सांगते, मग एकेक गोष्ट साध्या बोलण्यात सांगितली, रक्त किती घेणार, ते किती वर्षं फ्रीजरमध्ये ठेवणार, नाव कुठे जाणार नाही फक्त नंबर जाईल, मधेच नाही म्हणालात तर कोणी का म्हणून विचारणार नाही. आणि मग तिने मलाच विचारलं, आता तुम्ही मला सांगा काय काय होणार आहे. मी सांगितलं, एक गोष्ट चुकले, तिने परत समजावलं, आणि मगच सही घेतली. सहीची एक प्रत मला दिली. तुम्हाला नाही दिली तर मागा, तो तुमचा हक्क आहे. मला विचाराल तर हा अर्धा तास सगळ्यात चांगला होता, एरवी हॉस्पिटलात इथे सही करा म्हणून बोट दाखवतात तसं इथे झालं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी सातला उपाशीपोटी बोलावलं होतं. हाताला इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, लावली म्हणजे परत परत टोचायला नको, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून दिलं, पाच मिनिटांत संपवायचं. ते पाणी इतकं गोड की घशाखाली उतरत नाही, तिसऱ्या घोटाला मळमळलं, तिथल्या ताईंनी पाठीवर हात ठेवला आणि सावकाश घ्या म्हणाल्या. मग दोन तास बसायचं, फिरायचं नाही, चहा नाही काही नाही. पुस्तक न्या सोबत. माझ्या समोरचे एक काका आधीच बाहेर जाऊन चहा पिऊन आले होते आणि बायकोला हळूच सांगत होते. मला फार वाईट वाटलं. अहो, आपला एक चुकीचा आकडा गेला तर पुढे त्यावरूनच आपल्या पोरांची ट्रीटमेंट ठरणार आहे. चहा प्यायला असाल तर सांगून टाका, ते दुसरी तारीख देतात, रागावत नाहीत.

मग डेक्सा. आडवं पडायचं आणि वरून एक मशीन सरकत जातं, अंगात चरबी किती, हाड किती, स्नायू किती ते कळतं, दहा मिनिटं लागतात, आणि एक्सरे म्हणाल तर छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी असतो. पण गरोदर बाईला चालत नाही म्हणून आधी विचारतात. अंगावर धातू नको. माझ्या पाटल्या बारा-पंधरा वर्षांत निघाल्या नव्हत्या, त्या ताई मला बेसिनपाशी घेऊन गेल्या, साबण लावून स्वतःच्या हाताने हळूहळू काढल्या, मंगळसूत्र आणि पाटल्या छोट्या पिशवीत घालून वर माझा नंबर लिहिला आणि पिशवी मला दिसेल अशी ठेवली. अशी आपुलकी मी पैसे भरून गेलेल्या ठिकाणीही पाहिली नाही.

खाण्याचं विचारतात ते मात्र सविस्तर, तासभर जातो. समोर तीन मापाच्या वाट्या ठेवतात, तुमची आमटीची वाटी यातली कुठली, पोळीला तूप वरून का आतून, फोडणीला तेल किती. मी म्हटलं अंदाजाने घालते, तर तो मुलगा म्हणाला बरं, महिन्याला तेलाच्या पिशव्या किती आणता आणि जेवायला माणसं किती? चार माणसांत चार पिशव्या. त्याने लिहून घेतलं आणि मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होते.

आता रिपोर्ट. मी बारीक आहे, सगळे म्हणतात तुला काय होणार. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.६. उपाशीपोटी शुगर ९६, ऑफिसच्या तपासणीत दरवर्षी हीच येते आणि नॉर्मल म्हणून फाइल बंद होते. पण ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांची आली १६८. ती १४० च्या आत पाहिजे, २०० ला पोचली की डायबेटिस, म्हणजे मी मधे आहे. कंबर ८४ सेंटिमीटर, आपल्याकडच्या बायकांना ८० च्या खाली सांगतात. अंगात चरबी ३७ टक्के. मी तिथेच रडले. तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला, आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं तपासली, तेव्हा दिसलं की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कमी, सरासरी २.७ किलो, तिकडे ३.५, पण चरबी मात्र धरून असलेली. हे कोणाला कळलं असतं त्या बायका तेव्हा आल्या नसत्या तर? आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये कोव्हिशील्डच्या ट्रायलचे पहिले डोस पुण्यातच भारती विद्यापीठात दिले, देशभरात १६०० जण त्यात गेले, तेही आपल्यासारखेच लोक. हे सगळं ऐकल्यावर माझं रडू थांबलं.

एक स्टार का कापला ते सांगते. रिपोर्ट पंधरा दिवसांत देऊ म्हणाले होते, मिळाला अडीच महिन्यांनी, तोही मी तीनदा फोन केल्यावर, आणि नुसता इंग्रजी कागद मेलवर, समजावणारं कोणी नाही. मॅडमनी समजावलं ते मी स्वतः जाऊन बसले म्हणून. १६८ सारखा आकडा अडीच महिने कपाटात ठेवणं बरोबर नाही, मी त्यांना तसं लेखी दिलंय, आणि आता फोन करून सांगायला सुरुवात केलीय असं ती मुलगी म्हणाली. तेव्हा सही करायच्या आधी दुसरी गोष्ट विचारा, रिपोर्ट कधी आणि कोण समजावणार. आणि हे उपचार नाहीत हे पण लक्षात ठेवा. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की इथे गोळी मिळणार नाही, तुमच्या डॉक्टरकडे जा. मी गेले, रात्री जेवल्यावर अर्धा तास चालते, तेल चारच्या जागी अडीच पिशव्या.

पैसे म्हणाल तर रिक्षाचे ५०० रुपये दिले आणि तपासणी झाल्यावर उपमा आणि चहा. इंट्राकॅथच्या जागी दोन दिवस निळं पडलं होतं, गेलं आपोआप.

दुसरी व्हिजिट नोव्हेंबरात आहे, या वेळेला माझ्या जाऊबाई पण येतायत, त्यांनी आत्तापासूनच त्यांच्या मुलीला सांगून ठेवलंय की सकाळचा चहा त्यांच्यासाठी टाकायचा नाही. गाडी मागच्या गेटला लावा, पुढे वॉचमन आत सोडत नाही, आणि स्वेटर न्या, ती खोली फार गार असते.