मेटलमधला प्रलय की यंत्रांची राजवट: आधी कोणता अल्बम ऐकावा?

हेवी मेटल या जड, गडगडाटी रॉक संगीतप्रकारातील जगाच्या अंताची गाणी शब्दांकडे नीट लक्ष देऊन ऐकायची असतील, तर सुरुवात ब्लॅक सबाथ या बँडच्या 'पॅरानॉइड'ने (१९७०) करावी की फिअर फॅक्टरी या बँडच्या 'ऑब्सोलीट'ने (१९९८), हे ठरवण्याआधी दोहोंतील भीती वेगळ्या जातीची आहे, हे ध्यानात घ्यावे. पहिल्यात युद्ध आणि अणुबॉम्ब जग जाळून टाकतात. दुसऱ्यात जग शाबूत आहे, फक्त त्यात माणसाची गरज उरलेली नाही.

'पॅरानॉइड'मधील बहुतेक गीते बेसवादक गीझर बटलर यांनी लिहिली. पहिलेच गाणे 'वॉर पिग्ज' जवळजवळ ८ मिनिटांचे आहे. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो, मग गिटार आणि ड्रम थांबतात आणि केवळ हाय-हॅटच्या (ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीच्या) टिकटिकीवर गायक ऑझी ऑस्बॉर्न सेनापतींच्या जमावाचे वर्णन करू लागतात. पहिल्या दोन ओळींचे यमक 'मासेस' या एकाच शब्दाने जुळवलेले आहे. पहिल्यांदा त्याचा अर्थ झुंडी, दुसऱ्यांदा चेटकिणींची काळी पूजा. हे गाणे आधी 'वाल्पुर्गिस' नावाने, चेटकिणींच्या रात्रीवर बेतलेले होते, त्याची ही खूण. शेवटी सेनापती देवापुढे गुडघे टेकतात आणि सैतान हसत पंख पसरतो. दोषी कोण, हे इथे स्पष्ट आहे आणि त्याचा निवाडाही होतो, म्हणूनच मला हे गाणे इतके अस्वस्थ करूनही न्याय्य वाटते. याच अल्बममधील 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धानंतरचे जग दाखवते.

'ऑब्सोलीट'मध्ये असा निवाडा नाही. यंत्रांच्या राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या एजक्रशर नावाच्या बंडखोराची ती सलग कथा आहे. गाण्यांना जोडणारा मजकूर सोबतच्या पुस्तिकेत पटकथेसारखा छापला आहे, आणि तो न वाचता ऐकल्यास निम्मा अर्थ हातचा जातो. गिटारचा प्रत्येक ठोका डबल बेस ड्रमशी (दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमशी) इतका तंतोतंत जुळतो की वाद्येच यंत्र वाटू लागतात. गायक बर्टन बेल मात्र गुरगुरत्या आवाजातून मध्येच स्वच्छ सुरात गातात आणि त्या यंत्रात अडकलेला माणूस ऐकू येतो.

मेगाडेथ या बँडचा 'रस्ट इन पीस' (१९९०) या दोहोंच्या मध्ये बसतो. त्याच्या अखेरच्या गाण्यात पोलारिस हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र स्वतःच बोलते. पण तिथे गिटारवादनाचा वेग एवढा आहे की नवख्या श्रोत्याचे लक्ष शब्दांवर टिकणे अवघड.

इंग्रजी गीत कानाने पकडण्याची सवय नसेल, तर माझा कौल 'पॅरानॉइड'ला आहे, कारण त्यातील उच्चार स्वच्छ आहेत आणि प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे समजते. कथा सलग वाचण्याची आवड असेल आणि पुस्तिका मिळत असेल, तर 'ऑब्सोलीट' आधी घ्यावा, पण क्रम न मोडता, 'शॉक'पासून संथ 'टाइमलेसनेस'पर्यंत एका बैठकीत.