मॉरिशसमध्ये चालकासह गाडी आणि कॅटमरान : दहा महिन्यांचा अनुभव, त्यात निम्मा एका शिडीचा

काल सकाळी बँकेचा मेसेज आला. फेब्रुवारीत रद्द झालेल्या कॅटमरानचे, म्हणजे दोन सांगाड्यांच्या सहलीच्या बोटीचे, पैसे अकरा आठवड्यांनी परत मिळाले, तेही दोनशे रुपये कापून. कसले कापले विचारलं तर उत्तर आलं, ‘प्रोसेसिंग’. बोट निघालीच नाही, मग प्रोसेस कशावर केली कोण जाणे. लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं, ते त्या दोनशे रुपयांनी बसवून लिहून घेतलं.

मी इथे मॉरिशसमधल्या एबेनला नोकरीसाठी आलो त्याला दहा महिने झाले. आपला माणूस मॉरिशसमध्ये राहतो म्हटल्यावर नातेवाइकांना दुसरं निमित्त लागत नाही. ऑगस्टात आई-बाबा, ऑक्टोबरात ताई-भावजी आणि त्यांची दोन पोरं, फेब्रुवारीत सासू-सासरे. एवढ्या वेळा भाड्याची गाडी आणि बोट मी पुण्यात जन्मभरात केली नव्हती. पुढे ‘रुपये’ म्हणेन ते इथले. एकाचे आपले पावणेदोन ते दोन पडतात, तसा गुणाकार करत वाचा. मी अजून करतो.

स्वतः गाडी का चालवत नाही, हे सगळे विचारतात. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, पाट्याही कळतात. पण आतले रस्ते उसातून जातात, अरुंद आहेत आणि कडेला थेट खोल गटार. शिवाय पाहुणे आले की मला खिडकीतून बघायचं असतं. मेट्रो आहे, आपल्या एल अँड टीनेच बांधली, २०२० पासून धावते आणि माझ्या ऑफिसाजवळ थांबते. मात्र ती राजधानी पोर्ट लुईहून चढत क्युरपीपच्या पठारावर जाते, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. बस स्वस्त आणि चांगली, पण संध्याकाळनंतर तिची वाट बघणं म्हणजे उपास. म्हणून चालकासह गाडी.

पहिल्या दोन वेळा वेबसाइटवाल्या कंपनीकडून घेतली. गाडी चकचकीत, चालक इस्त्रीच्या शर्टात, पाण्याच्या बाटल्या थंड. आणि कुठेही ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त थांबलं की वेटिंग. पाम्प्लमूसच्या बागेत बाबा परातीएवढाल्या कमळपानांसमोर उभे राहिले ते हलेनात. मी घड्याळ बघतोय, ते म्हणतात, ‘अरे, यावर मूल ठेवलं तरी बुडत नाही म्हणतात.’ त्या वाक्याचं बिल लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे सात आसनी गाडी. सात माणसं बसली तर मागे एक दप्तर मावेल, बॅगा नाहीत. ताईकडची मंडळी विमानतळावर उतरली तेव्हा एक सूटकेस भावजींनी ग्राँ बेपर्यंत मांडीवर आणली. बेट लहान म्हणतात, पण विमानतळ पार आग्नेयेला आणि ग्राँ बे उत्तर टोकाला. सव्वा तास सूटकेस मांडीवर घेऊन बसून बघा.

ताईच्याच मुक्कामात कंपनीचा चालक एक दिवस आलाच नाही, आणि ऑफिसातल्या एकाने त्याच्या ओळखीच्या चालकाचा नंबर दिला. पन्नाशीचा माणूस, गाडी आठ-नऊ वर्षांची, सीटवर टॉवेल टाकलेले. मी मनात म्हटलं, झालं. त्यात पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला क्युरपीपजवळ लाकडी जहाजांच्या दुकानात नेलं. ही जहाजांची मॉडेलं इथली खासियत, काम बघण्यासारखं असतं हे कबूल. पण पन्नास मिनिटं? कमिशन असणार हे शेंबड्या पोराला कळेल. संध्याकाळी मी सरळ विचारलं, ‘दिवसाचे तीन हजार ठरलेत, तीनशे वर देतो, दुकानं बंद करायची का?’ तो हसला, ‘कोरेक’ (म्हणजे ठीक) म्हणाला आणि तीनशे घेतलेच नाहीत. तेव्हापासून एकही दुकान नाही. बरं, भावजींनी दोन दिवसांनी स्वतःहून ‘ते जहाजाचं दुकान’ मागितलं आणि दीड हात लांबीचं गलबत घेतलं, ते परत जाताना कुणाच्या मांडीवर गेलं ते सांगायला नको.

मग आईशी व्हिडिओ कॉलवर या चालकाची ओळख करून दिली, तेव्हा कळलं की तो मराठी. म्हणजे पणजोबा रत्नागिरीकडचे, घरात क्रिओल ही इथली बोलीभाषा, शाळेत मात्र मराठी विषय घेतलेला. मला ‘कसा काय’ एवढंच म्हणाला, आणि आईने विचारल्यावर ‘सुखकर्ता दुखहर्ता’ पूर्ण म्हणून दाखवली, एक शब्द न चुकता. इथे गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, ते माहीत होतं; त्यामागची माणसं तोवर भेटली नव्हती. आई आता फोनवर माझ्या आधी त्याची चौकशी करते.

आता बोटी. इथूनच माझं डोकं फिरतं.

कॅटमरानच्या जाहिरातीत पुढच्या जाळीवर पहुडलेली माणसं दिसतात. तिथवर पोचायचं कसं, हे कुणी दाखवत नाही. ऑगस्टात आई-बाबांना पूर्व किनाऱ्यावर इल ओ सर्फला नेलं. कॅटमरान वाळूपर्यंत येत नाही, लांब उभी. आधी गुडघाभर पाण्यात चालायचं, मग डोलणाऱ्या रबरी होडीत पाय टाकून चढायचं, आणि मग कॅटमरानच्या मागच्या बाजूला लोखंडी शिडी. चार पायऱ्या. पायरी म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीची गोल नळी, ओली, आणि अनवाणी. सगळ्यात खालची पायरी होडीच्या काठापासून दोन वीत वर. मी मोजलंय, हसू नका. बोट खाली जाते तेव्हा शिडी समोर येते, तुम्ही पाय उचलता, तेवढ्यात बोट वर जाते आणि नळी नडगीवर बसते. आईचे गुडघे दोन्ही नाजूक, अंगात पंजाबी ड्रेस, तो कमरेपर्यंत भिजलेला. दोन पोरांनी वरून हात धरले, मी खालून. चढल्यावर ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘उतरताना पण हेच का?’

हेच. बेटावर उतरताना एकदा, परत चढताना एकदा, शेवटी उतरताना एकदा. एका दिवसात चार वेळा ती शिडी. माणशी बावीसशे रुपये मोजून. त्यात हवी तेवढी रम धरलेली असते आणि आमच्याकडे कुणी घेत नाही. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या जर्मन काकांची रम आम्हीच भरली. जेवणात मासे आणि कोंबडी, बाबांना बटाट्याचं सॅलड आणि पाव. ते तक्रार करत नाहीत. मी करतो.

चूक माझीही होती. जुलै-ऑगस्टात इथे आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर. त्या दिवसांत पश्चिमेला जायचं, डोंगरांची आड मिळते. हे बुकिंग घेणाऱ्या पोरीला पक्कं माहीत असणार, पण तिने बेट विकलं, हवा नाही. आणखी एक: बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा बांध आहे, आतलं पाणी शांत असतं. सर्फ आणि पश्चिमेचं बेनितिये बेट या बांधाच्या आत. ग्राँ बेहून गॅब्रिएल बेटाला जाणारी बोट मात्र उघड्या समुद्रातून जाते. वाटेतला क्वाँ द मीरचा खडक जवळून बघायला सुंदर, पण ताईचा धाकटा आणि अर्धी बोट तेव्हा पिशवीत तोंड घालून होती. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर उत्तरेची क्रूझ घेऊच नका, कितीही सवलत मिळो.

ऑक्टोबरात बेनितियेला गेलो तेव्हा चालकाने मला वाटेत विचारलं, त्या ऑगस्टच्या ट्रिपचं काय झालं होतं म्हणून. मी शिडीचं पुराण सांगितलं, सगळं, नडगीसकट. तो काही बोलला नाही.

फेब्रुवारीत सासू-सासरे आले. महाशिवरात्रीचा आठवडा, म्हणजे लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन पायी इथल्या पवित्र गंगा तलावाकडे निघालेली. रात्रभर रस्त्याकडेला मांडव, कुणालाही जेवण, सरबत. मला वाटलं गाडी अडकेल आणि वेटिंग लागेल. चालकाने दोन दिवस आधीच सांगितलं, ‘त्या दिवशी गाडी नाही, माझी बायको चालते आहे.’ आदल्या पहाटे नेऊन आणलं. सासूबाई त्या १०८ फुटी शंकराखाली उभ्या राहून रडल्या. मी फोटो काढायचा विसरलो, अजून ऐकतोय.

दोन दिवसांनी बोट होती. वाऱ्याचा इशारा लागला, बोटी बंद. त्यात कुणाचा दोष नाही. कंपनीने मात्र पैशांऐवजी सहा महिन्यांचं क्रेडिट दिलं. अहो, मंडळी गुरुवारी नाशिकला परत चाललीत, ती क्रेडिट घेऊन काय गोदावरीत बोट फिरवणार? फोन, मेल, फोन. अटींमध्ये ‘हवामानामुळे रद्द झाल्यास पूर्ण परतावा’ असं लिहिलेलं मी स्क्रीनशॉट काढून ठेवलं होतं, तो सातव्या मेलला जोडला. सातव्या. पहिल्यालाच जोडायला हवा होता.

बोट गेल्यामुळे मोकळ्या दिवशी चालकाने विचारलं, परवा वारा पडेल, ब्लू बेला काचेच्या तळाच्या बोटीत बसणार का. मी नाक मुरडलं. ती लहान मुलांची गंमत, असं माझं ऑगस्टातलं मत होतं. गेलो. किनाऱ्यावर त्याने डिकी उघडली आणि आतून निळं प्लास्टिकचं स्टूल काढलं, आपल्याकडे न्हाणीघरात आंघोळीला असतं तसलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला, स्टूल वाळूत दाबून बसवलं आणि वर हात ठेवून सासूबाईंकडे बघितलं. त्या स्टुलावर पाय, मग बोटीत. भिजले ते फक्त घोटे. स्टूल कधी घेतलं विचारलं तर म्हणाला, ऑक्टोबरात, तुम्ही ते शिडीचं सांगितलं त्या संध्याकाळी.

तासभर काचेतून भल्यामोठ्या मेंदूसारखं प्रवाळ, पोपटी मासे, आणि सासऱ्यांचं ‘अगं हे बघ’. कॅटमरानच्या पाव पैशांत. रम नाही, नाच नाही, शिडी नाही. तेव्हा माझं आधीचं मत मागे घेतो: साठीच्या पुढची माणसं असतील तर ब्लू बेच. तरण्या मंडळींनी बेनितियेची कॅटमरान खुशाल घ्यावी. सर्फलाच जायचं असेल तर त्रू दो दूसच्या धक्क्यावरून ये-जा करणाऱ्या साध्या होड्या आहेत. धक्का असल्यामुळे पाय कोरडे राहतात.

गाडीचं शेवटचं. परतीच्या आदल्या दिवशी कास न्वायालहून शामारेलचा चढ चढताना तिचा रेडिएटर उकळला. मी हिशोब करायला घेतला, दिवसाचे पैसे किती कापायचे. त्याने फोन केला, पंचवीस मिनिटांत त्याचा मावसभाऊ दुसरी गाडी घेऊन हजर, सोबत कागदात गुंडाळलेल्या गरम दालपुऱ्या. स्टूल त्या गाडीत हलवायला तो विसरला नाही. मी काही कापलं नाही. कंपनीच्या गाडीचं असं झालं असतं तर मी काय केलं असतं ते माझं मला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात मावशी येतेय, तिला पुढची जाळी बघायचीच आहे. आज दुपारी दुसऱ्या एका बोटवाल्यांना फोन लावला आणि आधी तेच विचारलं, की तुमच्या शिडीला पायऱ्या किती आणि त्या सपाट आहेत की गोल. पलीकडची मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, ‘सर, कोणती शिडी?’