फॅमिली डॉक्टर की थेट स्पेशालिस्ट?

आईला शुगर, बीपी आणि गुडघेदुखी तिन्ही, त्यामुळे दोन्हीकडचे अनुभव घेऊन झालेत. स्पेशालिस्ट त्याच्या अवयवापुरतं बघतो आणि ते नीट बघतो, त्यात वाद नाही. पण गुडघ्यासाठी दिलेली पेनकिलर आई महिनाभर रोज घेत राहिली, पाय सुजायला लागले, आणि ते पकडलं आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी. "काकू, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा" म्हणाले, टेबलावर एकेक स्ट्रिप मांडली, पेनकिलर बंद केली आणि लगेच क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायला लावलं, कारण शुगर-बीपीवाल्यांच्या किडनीला या गोळ्या फार त्रास देतात. सगळं एकत्र बघणारं माणूस हवंच हो!

दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासायला पाठवणं, टीबी निघाला तर सरकारला कळवणं (2012 पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक), हेही त्यांचंच काम.

पण छातीत दाब येऊन घाम फुटला किंवा तोंड वाकडं झालं तर दवाखाना उघडायची वाट बघू नका, सरळ 108 ला फोन करून मोठं हॉस्पिटल गाठा. एरवी मी आधी फॅमिली डॉक्टरकडेच जाते, पुढे कोणाकडे जायचं ते तेच चिठ्ठीवर लिहून देतात.