घर आवरून देतो म्हणाले आणि पितळ घेऊन गेले

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की पहिला प्रश्न सामानाचा. कोथरूडमधलं आईबाबांचं घर रिकामं करायचं होतं, भाड्याचा फ्लॅट लहान, आणि माळ्यावर दोन पिढ्यांची भांडी. म्हणून घर आवरून देणारे 'होम ऑर्गनायझर' बोलावले. हे काम मनापासून करणारी माणसं आहेत. मैत्रिणीचं स्वयंपाकघर एकीने असं लावून दिलंय की अंधारातही हिंगाची डबी हाताला लागते. आमच्याकडे आले ते वेगळेच निघाले.

कोटेशन खोल्यांवर दिलं, बिल तासांवर लावलं. प्लास्टिकचे डबे-कप्पे त्यांनीच आणले, दुकानापेक्षा दुप्पट भावाने. बिलात 18 टक्के जीएसटी, पण जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. नोंदणी नसलेल्याला हा कर घेताच येत नाही. क्रमांक दिला असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून तो कोणाच्या नावावर आहे ते लगेच कळतं.

त्यांनी सामानाचे तीन ढीग केले: ठेवायचं, विचार करू, द्यायचं. आईने 'विचार करू'मध्ये ठेवलेलं संध्याकाळी 'द्यायचं'च्या पोत्यांत गेलं. तांब्याचा बंब, घंगाळ, आजीचं नाव घातलेली पितळी परात. "काकू, वृद्धाश्रमाला देतोय, आयकरात सवलतीची 80जीची पावती मिळेल," म्हणत आईची सही घेतली. कागदावर नुसतं 'जुनं सामान, 6 पोती'. ना यादी, ना वजन. 80जीची सवलत पैशांच्या देणगीला असते, भांड्याकुंड्यांना नाही, त्यामुळे अशी पावती कोणी देऊ केली तर तिथेच थांबा. वृद्धाश्रमात फोन केला, तर तिथे जुनी भांडी घेतच नाहीत. मोडीत तांबं-पितळ किलोवर जातं आणि भावही चांगला येतो.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "तुम्हीच दिलंत ना?" अमुक ठिकाणी पोचवा म्हणून सोपवलेली वस्तू परस्पर विकली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताचा गुन्हा होतो, हे आम्ही अर्जात लिहिलं. भावाच्या मुंजीच्या एका फोटोत परातीवरचं नाव वाचता येतं, तो फोटोही जोडला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सेवेची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही, म्हणून आयोगात जाऊ अशी नोटीस वकिलाकडून पाठवली. त्यावर डब्यांचे पैसे परत आले. भांडी नाही आली.

कोणाला बोलावणार असाल, तर काम चालू असताना घरचं एक माणूस तिथेच बसू द्या. पोतं दाराबाहेर जाण्याआधी उघडून फोटो काढा, वजन करा, यादीवर त्यांची सही घ्या. दान मात्र स्वतः नेऊन द्या. शेजारच्या सोसायटीलाही आता घरं रिकामी करायची नोटीस लागली आहे आणि हीच माणसं तिथे पत्रकं वाटताहेत. तिथे एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांपर्यंत हे पोचवा.