निलगिरी काढली तर ओढ्याला पाणी किती वाढेल? हिशोबाची पद्धत निवडताना

पाणलोटातली निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ काढून तिथे देशी झाडोरा येऊ द्यायचा, असं गावात ठरू लागलं की लगेच विचारलं जातं: पाणी नेमकं किती वाढेल? पद्धत निवडण्याआधी एक पक्कं करा. तुम्हाला वर्षाचं एकूण पाणी काढायचंय, पुराचा लोंढा काढायचाय की एप्रिल-मेमधला झरा? तिन्हींना एकच पद्धत पुरत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे झँग आणि सहकाऱ्यांचं 2001 मधलं वार्षिक सूत्र, जगभरातल्या 250 हून अधिक पाणलोटांवरून बसवलेलं. त्यानुसार वर्षाला 2000 मिमी पाऊस असेल तर जंगल सुमारे 1260 मिमी पाणी हवेत परत सोडतं आणि गवत 825 मिमी; उरतं ते ओढ्याच्या वाट्याला. एक्सेलमध्ये तासाभरात उत्तर हातात येतं. पण या सूत्राला महिना कळत नाही, आणि आपला पाऊस तर चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. शिवाय त्याच्या लेखी निलगिरी काय आणि जांभूळ-ऐन काय, सगळं जंगलच. गवताळ माळ विरुद्ध झाडं एवढाच प्रश्न असेल, तरच ते वापरा.

कर्व्ह नंबर पद्धत एका पावसाचा लोंढा सांगते; त्यासाठी जमीन आणि झाडोरा पाहून एक नंबर धरायचा, नंबर मोठा तितकं जास्त पाणी वाहून जातं. 100 मिमी पाऊस, मध्यम निचऱ्याची जमीन: चांगल्या जंगलाला 55 नंबर धरला तर सुमारे 13 मिमी वाहून जातं, उजाड झालेल्या जंगलाला 66 धरला तर 27. मोरी किंवा बंधाऱ्याचा सांडवा आखायला उत्तम. झऱ्याबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही. मुरलेलं पाणी पुढे कुठे गेलं, हे तिच्या हिशोबातच नसतं.

उरलं स्वॉट (SWAT), पाणलोटातल्या पाण्याचा रोजचा हिशोब मांडणारं संगणकीय मॉडेल. मोफत आहे, माती, उतार, झाडोरा आणि रोजचा पाऊस घेतं, भूजलाचा पाझरही धरतं. तरी ते डोळे झाकून चालवू नका. त्यातली झाडं मुळात दिवस लहान झाला की निजतात, थंड देशांतल्यासारखी. आपली पानझड होते ती जमीन सुकल्यामुळे. उष्ण प्रदेशांसाठी झाडांची वाढ जमिनीतल्या ओलीशी जोडणारी सुधारित आवृत्ती आहे, तीच घ्या. दुसरी अडचण मोठी आहे. मॉडेल प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी जुळवताना पावसाळ्यातले मोठे आकडे गुण वाढवतात, त्यामुळे मेमधला प्रवाह साफ चुकला तरी निकाल देखणा दिसतो. उन्हाळी प्रवाह वेगळा ताडून दाखवल्याशिवाय कुणाचाही अहवाल स्वीकारू नका.

माझा कल सरळ मोजण्याकडे आहे. निलगिरी पर्वतातल्या ग्लेनमॉर्गनला शेजारशेजारचे दोन पाणलोट आधी काही वर्षं तसेच मोजले, मग 1972 मध्ये एकात निलगिरी लावली. लागवड ते तोड अशा पहिल्या दहा वर्षांच्या फेऱ्यात पाणी 16 टक्के घटलं, तोडीनंतरच्या फुटव्यात सुमारे 25 टक्के. या आकड्यांवर विश्वास बसतो, कारण शेजारचा न बदललेला ओढा साक्षीला होता.

गावालाही हे जमतं. ओढ्यात आडवा पत्रा, त्याला 90 अंशाची खाच, मागे थोडं अंतर सोडून मोजपट्टी. खाचेच्या तळापासून पाणी 10 सेंमी वर असेल तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर वाहतंय. 5 सेंमीला जेमतेम 0.8. म्हणजे उंची निम्मी झाली की पाणी सहाव्या हिश्शाच्या आसपास येतं, म्हणून उन्हाळ्यात मिलिमीटरपर्यंत वाचायचं.

तालुक्याएवढं खोरं असेल आणि सरिता मापन केंद्राच्या नोंदी मिळत असतील, तर स्वॉट घ्या. एका गावाच्या ओढ्याला दोन पत्रे (एक त्या ओढ्यात, दुसरा शेजारच्या न बदलणाऱ्या ओढ्यात) आणि रोज वाचणारा एक माणूस पुरे. झाडं तोडण्याआधी निदान दोन उन्हाळे दोन्ही ओढे वाचून घ्या. आणि बदल पाणलोटाच्या पाचव्या हिश्शाहून लहान ठेवू नका; त्याखालचा फरक ओढ्याच्या नोंदीत सहसा दिसत नाही.