बोअरच्या पाण्याला काय चालेल: साबणाची वडी की डिटर्जंट पावडर?

मळ काढायची रीत दोघांची सारखीच. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, लांब शेपूट तेलकट मळात रुततं. असे असंख्य रेणू मळाला वेढतात आणि तो कापडावरून सुटून पाण्यासोबत जातो.

खरा फरक पाण्यामुळे पडतो. साबण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनतो. बोअरच्या कठीण पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला धरतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा पांढुरका चिकट थर तो हाच. वडी भराभर झिजते, फेस मात्र येत नाही, आणि पांढरा सदरा मळकट दिसायला लागतो. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर मिठाचीही भर. मीठ साबणाला पाण्यात टिकू देत नाही. साबण बनवतानाही तो वेगळा काढायला मीठच घालतात.

डिटर्जंटच्या रेणूच्या पाण्याकडे ओढल्या जाणाऱ्या टोकाशी सल्फोनेट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनचा गट, असतो. कठीण पाण्यात त्याचा असा साका सहसा बसत नाही. म्हणून बोअरवर धुणं असेल तर मी पावडरच घ्या म्हणेन. फक्त ती बिनफॉस्फेटची बघा. फॉस्फेट तळ्यात गेलं की शेवाळ माजतं, ते सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात.

पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर वडी उत्तम. शंका असल्यास बाटलीत पाणी घेऊन साबणाचा थोडा कीस टाका, जोरात हलवा. फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखे कण दिसले, तर वडी राहू द्या.